आमची वाटचाल : झरा नव्हे, पूर्व

म्हापशाच्या बाजारामागे जिना चढून डाव्या हाताला आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक स्कॅनर आणि वाळवीपासून वाचवलेले तीन जुने शब्दकोश. पोर्तुगीज कागदांचं भाषांतर करतो. उघडलं तेव्हा हौसेने पाटीवर पाच भाषा रंगवल्या होत्या. पाटी बदलताना एकच ठेवली.

मी पेडण्याची. चौथीपर्यंत मराठी शाळा. कॉलेजात पोर्तुगीज घेतली ती फ्रेंचच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून. बाबा म्हणाले, "पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, भाषा शिकून पोट भरणार?" आजोबा पोर्तुगीज शाळेतली सेगुंद ग्राव परीक्षा झालेले. ते काही बोलले नाहीत, ट्रंकेतून आपलं व्याकरणाचं पुस्तक काढून दिलं.

बाबांचं म्हणणं आधी खरंच ठरलं. पदवीनंतर दोन वर्षं हॉटेलात रिसेप्शनवर होते. तिथे मॅनेजरला हवी होती रशियन, कारण मोरजी-हरमलला सीझनभर रशियन चार्टरचे पाहुणे. माझी पोर्तुगीज दोन वर्षांत चारदा उपयोगी पडली असेल.

मग शेजारच्या काकांनी शेताचं जुनं विक्रीखत आणलं. 300 रुपयांत भाषांतर करून दिलं आणि आठ दिवसांत ते वकिलांकडून परत आलं. वकील फोनवर म्हणाले, "बाई, उत्तर आहे, दक्षिण आहे, पश्चिम आहे. पूर्व कुठे गेली? आणि हा झरा कुठून आला?" मी 'नासेंत'चा अर्थ झरा असा लावला होता. शब्दकोशात तो अर्थ आहेच. पण खतात नासेंत म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू आणि पोयेंत म्हणजे मावळतो ती. कॉलेजात आम्ही लिस्बनच्या कॅफेत कॉफी कशी मागवायची ते शिकलो होतो. बिदागी परत केली. मग नोंदणीच्या कामातून निवृत्त झालेल्या एका कारकुनांकडे सहा महिने रोज संध्याकाळी बसले आणि त्या तिरक्या अक्षराची, अर्धवट तोडून लिहिलेल्या शब्दांची ओळख करून घेतली. माझं खरं शिक्षण ते.

नावांची तऱ्हा वेगळीच. कामत तिथे 'कामोतीं' होतात, प्रभू 'पोरोब', शंकर 'शेंकोर'. वडिलांच्या जन्मनोंदीत एक स्पेलिंग आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यात दुसरं, की दोघं एकच हे सिद्ध करत बसा. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, त्यासाठी जन्म लिस्बनच्या नोंदणीत चढवावा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना जायचं असायचं इंग्लंडला, कारण युरोपीय संघातल्या देशाचा पासपोर्ट असला की तेव्हा तिथे मुक्तपणे राहता यायचं. 2016 मध्ये ब्रेक्झिटचा कौल लागला आणि गर्दी उसळली. तीन मुली कामाला ठेवल्या. 31 डिसेंबर 2020 ला तिथे मुक्तपणे राहायची वाट बंद झाली आणि आमच्याही जिन्यावरची वर्दळ ओसरली. दोघींना नाही म्हणावं लागलं. ते अजून टोचतं.

तारलं जमिनीने. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबरच नवरा-बायकोचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा. म्हणून वारसाच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीच्या कामात, आजी-पणजींचे कागद निघतातच. 2022 मध्ये जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमलं गेलं, त्यानंतर तर लोक माळ्यावरच्या पेट्या उघडून येऊ लागले. "बाय, हातूंत कितें बरयलां तें पळय गो," म्हणत टेबलावर पिशवी ओततात. निम्मे कागद कर भरल्याच्या पावत्या निघतात.

मोबाइलवर भाषांतर फुकट मिळतं, मग तुमच्याकडे कशाला, असंही विचारतात. छापील मजकूर तो बरा वाचतो. पण आगरवाड्याच्या एका खतातलं 'मारिन्य' म्हणजे मिठागर, त्याचं त्याने नौदल करून टाकलं होतं.

कॉलेजची मुलं विचारायला येतात, कुठली भाषा घेऊ? मी उलट विचारते, भाषेबरोबर दुसरं काय येतं? रशियनवर सीझनचं पोट भरतं, पावसाळ्यात काय? पोर्तुगीज एमए केलेल्यांना शिकवण्याची नोकरी मिळू शकते, पण जागा किती? माझ्या ऑफिसात एमएपेक्षा एलएलबी करून दोन वर्षं पोर्तुगीज शिकलेली मुलगी मला जास्त उपयोगी. प्राध्यापक मंडळींना हे आवडत नाही.

मुलाखतीत मी प्रश्न विचारत नाही. एका जुन्या खताची झेरॉक्स देते, चारही सीमांवर खूण कर म्हणते. गेल्या जूनमध्ये आलेल्या मुलीने दहा मिनिटांत चारही लावल्या, नासेंतसुद्धा. कागद परत देत म्हणाली, "मॅडम, पगार किती?" सोमवारपासून ये म्हटलं.