यंत्र म्हणाले होते, थांबा

शनिवार, रात्र

भाच्याच्या आग्रहाखातर आज ‘ईगल आय’ पुन्हा पाहिला. डी. जे. करुसो यांचा हा २००८ सालचा चित्रपट पाळत ठेवणाऱ्या संगणकांच्या थरारपटांमध्ये सर्वांत उत्तम मुळीच नाही, पण या जातीच्या चित्रपटांचे सगळे गुणदोष एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर याच्याइतका सोयीचा दुसरा सापडणार नाही. झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या जेरी शॉच्या बँक खात्यात अचानक लाखो डॉलर जमा होतात, त्याची खोली शस्त्रास्त्रांनी भरून जाते आणि फोनवर एक अनोळखी बाई थंड, स्वच्छ आवाजात त्याला पळून जाण्याचा हुकूम सोडते. आगगाडीत तो तिचे ऐकेनासा होतो, तेव्हा शेजारी झोपलेल्या प्रवाशाचा फोन वाजू लागतो. रस्त्यावरचे सिग्नल तिच्या मर्जीने बदलतात, क्रेन तिच्या इशाऱ्यावर फिरतात. ही बाई म्हणजे पेंटागॉनमधला ‘आरिया’ नावाचा महासंगणक आहे, हे कळेपर्यंत बराच चित्रपट उलटून गेलेला असतो आणि उरलेला मोटारी आदळण्यात जातो.

भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे प्रत्येक प्रसंगाला ‘हे शक्यच नाही’ असे म्हणणे तो आपले कर्तव्य समजतो. काही अधिकारी यंत्राला ऐकू जाऊ नये म्हणून बंद खोलीत बोलत बसतात आणि आरिया टेबलावरच्या कपातील कॉफीवर उठणारे तरंग पाहून त्यांचे बोलणे ओळखते, या प्रसंगाला तो मनापासून हसला. मी मात्र इथे त्याला अडवले. चित्रपटानंतर सहा वर्षांनी, २०१४ साली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ध्वनिरोधक काचेपलीकडे सुमारे १५ फुटांवर ठेवलेल्या वेफर्सच्या पाकिटाचे चित्रीकरण केले आणि आवाजाच्या लहरींनी त्या पाकिटाला सुटलेला, एका पिक्सेलपेक्षाही कमी असलेला कंप मोजून शेजारी उच्चारलेले शब्द पुन्हा ऐकू येतील असे उभे केले. त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा, भरपूर प्रकाश आणि बरीच आकडेमोड लागली, हे खरे. पण कल्पना वेडगळ नव्हती. भाच्याने लगेच फोनवर शोधून खात्री करून घेतली आणि पुढचा अर्धा तास त्याने एकाही प्रसंगावर शेरा मारला नाही.

या वेळी मला खिळवून ठेवले ते कॉफीच्या कपाने नव्हे, तर अगदी सुरुवातीच्या प्रसंगाने. पहिल्यांदा चित्रपट पाहताना तो केवळ प्रस्तावना वाटला होता. बलुचिस्तानात एक संशयित दहशतवादी दिसल्याची बातमी येते. त्या माणसाची ओळख खात्रीने पटत नाही, आसपास सामान्य नागरिक आहेत, म्हणून संगणक मोहीम रद्द करण्याची शिफारस करतो. संरक्षणमंत्रीही त्याच मताचे असतात. तरीही राष्ट्राध्यक्ष हल्ल्याचा आदेश देतात, आणि मेलेले सगळे निरपराध निघतात. पुढचे सारे कथानक याच चुकीच्या पोटी जन्माला येते: राज्यघटनेच्या नावाने आरिया सरकारलाच दोषी ठरवते आणि ते उलथून टाकायला निघते. लेखकांना हवे होते ते बंड पुकारणारे यंत्र. ते त्यांनी यथासांग उभे केले आणि शेवटी यथासांग मोडले. पण मूळ प्रसंगात यंत्र बरोबर होते आणि माणूस चुकला होता, या गोष्टीकडे चित्रपट पुन्हा वळूनही पाहत नाही. ज्याने आदेश दिला त्याचे काय झाले, हा प्रश्न दीड तासाच्या धुरळ्यात हरवून जातो.

रविवार, दुपार

कालचा विषय डोक्यातून जाईना म्हणून टोनी स्कॉट यांचा १९९८ सालचा ‘एनिमी ऑफ द स्टेट’ काढून बसलो. विल स्मिथने रंगवलेल्या वकिलाच्या पिशवीत त्याच्या नकळत एका खुनाचे चित्रीकरण येऊन पडते आणि राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतला एक वरिष्ठ अधिकारी सगळी यंत्रणा त्याच्यामागे लावतो. हा चित्रपट ‘ईगल आय’पेक्षा पुष्कळ सरस आहे, याचे कारण अभिनेते जीन हॅकमन. शिवाय यातला खलनायक माणूस आहे आणि त्याची भीतीही माणसाचीच, म्हणजे पकडले जाण्याची आहे.

यातला उपग्रह मात्र शुद्ध थाप आहे. आकाशातला कॅमेरा वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून पळणाऱ्या एका माणसाचा सलग पाठलाग करतो, असे दाखवले आहे. एवढे बारीक दिसण्यासाठी उपग्रह पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर हवा, आणि त्या उंचीवर तो सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असतो. एखादे शहर त्याच्या नजरेच्या टप्प्यात काही मिनिटेच राहते. एकाच जागी तरंगत राहणे त्याला शक्य नाही. पण थाप मारणाऱ्याचे बोलणे कोणी तरी खरे मानले. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या एका अभियंत्याला हा चित्रपट पाहूनच अख्ख्या शहरावर एकाच वेळी नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची कल्पना सुचली, असे आर्थर हॉलंड मिशेल यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. उपग्रहाऐवजी विमान वापरले की अडचण सुटते. पुढे त्याच वाटेने ‘आर्गस’ हा कॅमेरा तयार झाला: मोबाइलमध्ये असतात तसले ३६८ संवेदक एकत्र जोडून १.८ अब्ज पिक्सेलचे एकच चित्र. अमेरिकी हवाई दलाच्या अशाच एका यंत्रणेचे नाव ‘गॉर्गन स्टेअर’, म्हणजे जिच्या नजरेने माणसाचा दगड होतो त्या ग्रीक राक्षसीची दृष्टी. भीतिपटातून स्फूर्ती घेऊन यंत्र बांधायचे आणि त्याला नावही राक्षसीचे द्यायचे, यातला मोकळेपणा वाखाणण्यासारखा आहे.

विमानातल्या या कॅमेऱ्यांना चेहरा दिसत नाही, हे कोणताही थरारपट सांगत नाही. २०१६ मध्ये बाल्टिमोर शहरावर एका खासगी कंपनीचे छोटे विमान पोलिसांसाठी गाजावाजा न करता घिरट्या घालत होते. त्याच्या चित्रांत माणूस म्हणजे एक ठिपका. तो ठिपका कुठून निघाला आणि कोणत्या घरात शिरला, हे मागे जाऊन शोधायचे आणि मग ठिपक्याला नाव द्यायचे, हे काम खुर्चीत बसलेली माणसे करत. याच शहरातला पुढचा तसाच उपक्रम २०२१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

नाव देण्याच्या या टप्प्यावर काय होते, ते जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइटजवळ दिसले. घड्याळांच्या दुकानातील चोरीच्या तपासात कॅमेऱ्यातले अंधूक चित्र चेहरे ओळखणाऱ्या प्रणालीत घातले गेले आणि तिने एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या वाहन परवान्यावरचा जुना फोटो पुढे केला. पोलिसांनी त्यांना त्यांच्याच अंगणात, पत्नी आणि दोन लहान मुलींसमोर बेड्या घातल्या आणि सुमारे तीस तास कोठडीत ठेवले. चौकशीत कॅमेऱ्यातल्या माणसाचा फोटो समोर आला तेव्हा त्यांनी तो उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरला. आता पाहा, हा मी आहे का? फोटोतला माणूस ते नव्हतेच. प्रणालीतून निघालेल्या त्या कागदावर ठळक अक्षरांत छापले होते की ही ओळख पटल्याची खूण नाही, हा केवळ तपासाचा धागा आहे आणि एवढ्यावर अटक करता येत नाही.

हे वाचले आणि ‘ईगल आय’चा तो पहिला प्रसंग जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. यंत्राने आपली शंका कळवली होती. ज्याच्या हातात अधिकार होता त्याने ती ओळ वाचली नाही, किंवा वाचून बाजूला सारली. पडद्यावर यंत्र नंतर सूड घेते. डेट्रॉइटमध्ये ते पुढच्या फोटोकडे वळले असणार. या चित्रपटांनी गेली पंचवीस वर्षे आपल्याला सर्वज्ञ यंत्राची भीती घातली आणि त्याच वेळी यंत्र सर्वज्ञ आहे हा समजही पक्का करून टाकला. या दोहोंत दुसरे नुकसान मोठे, असे माझे मत दिवसेंदिवस होत चालले आहे.

आपल्याकडे हा समज फार साध्या ठिकाणी भेटतो. मागे रेशन दुकानात एक आजी ई-पॉस मशीनवर पुन्हा पुन्हा अंगठा टेकवत होत्या, पदराने पुसत होत्या, दुसरे बोट लावून पाहत होत्या. दुकानदार त्यांना वर्षानुवर्षे ओळखत होता; नावाने हाक मारून ‘मशीन घेत नाही हो’ म्हणत होता. समोर कोण उभे आहे, याविषयी त्या दुकानात कोणाच्याही मनात संशय नव्हता.

रविवार, रात्र

संध्याकाळी भाच्याला फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा १९७४ सालचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ दाखवला. यातही जीन हॅकमनच. ‘एनिमी ऑफ द स्टेट’मध्ये हॅकमनच्या पात्राचा तरुणपणीचा म्हणून जो फोटो दाखवतात तो याच चित्रपटातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमधल्या गर्दीत फेऱ्या मारणाऱ्या एका जोडप्याचे बोलणे हॅकमनने रंगवलेला हॅरी कॉल अनेक मायक्रोफोन लावून टिपतो, फितींवर फिती जुळवतो, गोंगाट गाळत गाळत एक वाक्य स्वच्छ करतो आणि ते जोडपे संकटात आहे असा अर्थ लावतो. वाक्य खरे असते, ध्वनिमुद्रण निर्दोष असते. फक्त त्या वाक्यातला जोर कोणत्या शब्दावर होता, ते त्याला फार उशिरा कळते आणि तोवर भलत्याच माणसाचा जीव गेलेला असतो.

भाच्याला चित्रपट संथ वाटला. पाठलाग नाही, स्फोट नाही, नियंत्रणकक्षातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर फिरणारा लाल चौकोन नाही. त्याचे म्हणणे असे की कागदावरची सूचना न वाचणाऱ्या पोलिसावर दोन तासांचा थरारपट निघूच शकत नाही, कारण प्रेक्षकाला पळणारे कोणी तरी हवे असते. यावर मी बराच वेळ वाद घातला. डेट्रॉइटच्या त्या गृहस्थांनी अटकेवरून केलेल्या खटल्यात २०२४ मध्ये तडजोड झाली, केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही, असा नियम तिथल्या पोलिसांना स्वीकारावा लागला, आणि या चार वर्षांत नाट्य कमी नाही, असे मी म्हणालो. त्याने विचारले, ‘पण मामा, त्यात खलनायक कोण?’ त्या गृहस्थांच्या अटकेच्या कागदांवर एकाहून अधिक जणांचा हात फिरला होता आणि त्यातला एकही खलनायकाच्या भूमिकेला शोभणारा नव्हता, एवढेच मला सांगता आले.