रांजणाच्या आडोशाला पॅन्सी

खानदेशच्या उन्हाळ्याची चर्चा सगळे करतात, पण बिया रुजवणाऱ्याला खरा दगा देतो तो ऑक्टोबर. सलग दोन वर्षे मी घटस्थापनेच्या सुमारास जळगावच्या गच्चीवर पॅन्सी या हिवाळी फुलझाडाचे बी पेरले आणि दोन्ही वर्षे ट्रेमध्ये हिरव्या शेवाळाखेरीज काही दिसले नाही. बी जुने असावे असे म्हणून मी विकणाऱ्याला मनातल्या मनात बोल लावून मोकळी झाले होते. पुढे डिसेंबरात, पाकिटाच्या तळाशी उरलेले चिमूटभर बी केवळ टाकवेना म्हणून पेरले, तर बाराव्या दिवशी त्यातले बहुतेक वर आले. दोष बियाण्याचा नव्हता, हवेचा होता. पॅन्सीला रुजताना साधारण १८ ते २० अंश तापमान मानवते आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास असतो. इतक्या उष्णतेत ओलावा मिळूनही ते बी रुजण्याचे नाव घेत नाही.

आबांना हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. उपट्या भुईमुगाच्या काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंगांना जमिनीतच मोड फुटतात आणि पसऱ्या भुईमूग मात्र तसाच थांबून राहतो, हे त्यांनी आयुष्यभर शेतात पाहिलेले. ‘‘बी झोपेत असतं गं, त्याला उठवायची रीत प्रत्येकाची वेगळी,’’ एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून बी उगवले नाही की ते मेले की झोपले आहे, हे मी आधी पाहते. ते उकरून नखाने दाबावे. पिचपिचीत लागले तर कुजले, टणक लागले तर धीर धरावा.

पॅन्सीसाठी आता मी दिवाळी उलटू देते. न्हाणीघराच्या बोळात पाण्याचा मातीचा रांजण आहे, त्याच्या बुडाशी वाळूचा थर कायम ओला असतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि चाळलेले गांडूळखत भरलेला ट्रे त्या वाळूवर ठेवून वरून भिजवलेले गोणपाट घालते. झिरपणारे पाणी वाफ होऊन उडताना गारवा देते, आणि पॅन्सीला रुजताना अंधार चालतो, किंबहुना आवडतो. मात्र दहाव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाट उचलून पाहावेच लागते. कोंब दिसल्यावर ट्रे त्याच दिवशी उजेडात आणला नाही, तर रोपे दोऱ्यासारखी लांबुडकी होऊन आडवी पडतात. आपली काळी माती या कामी अजिबात वापरू नये. सुकल्यावर तिच्यावर जी पापडी धरते, ती फोडण्याचे बळ या कोंबांत नसते.

कर्दळ आणि कमळ यांची गोष्ट अगदी निराळी आहे. त्यांना ऊब हवीच असते. अडचण असते ती कवचाची, कारण त्यातून पाणी आत शिरतच नाही. कर्दळीचे बी मिऱ्यापेक्षा थोडे मोठे, काळे आणि छऱ्यासारखे कठीण असते. ते पक्कडीत धरून कानशीवर घासताना आधी काळी पूड पडते, मग तपकिरी, आणि मग अचानक आतला पांढरा ठिपका दिसतो. तिथे हात थांबला पाहिजे. असे बी कोमट पाण्यात रात्रभर ठेवले की सकाळी टपोरे फुगलेले असते. जे फुगले नाही ते पुन्हा कानशीकडे जाते. गोकर्णाच्या बियांनाही हीच परीक्षा लावते, पण त्यांना पॉलिश पेपरचे चार फटकारे पुरतात.

कमळासाठी बियाण्याच्या दुकानात जाण्याचीही गरज नाही. लक्ष्मीपूजनाच्या वेळी पूजासाहित्यात मिळणारा कमळगट्टा म्हणजे कमळाचेच बी. पहिल्या खेपेला मी तुटलेल्या माळेचे मणी भिजवले आणि चार दिवसांत भांड्याला दुर्गंधी सुटली. माळेसाठी पाडलेले भोक बीच्या आरपार गेलेले असते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सुटे, अखंड बी घ्यावे, एका टोकाला फिकट गर दिसेपर्यंत घासावे आणि काचेच्या ग्लासात बुडवून पाणी रोज बदलावे. आठवड्याच्या आत कवच तडकून हिरवी वाकडी दांडी बाहेर येते. हे कवच किती भक्कम असते पाहा: चीनच्या लिआवनिंग प्रांतातील एका जुन्या, कोरड्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी संशोधकांनी रुजवून दाखवले आणि १९९५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली.

लार्कस्पर या फुलझाडाला थंडीचा आभास द्यावा लागतो. त्याचे बी ओल्या वाळूत मिसळून डबीत भरावे, दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे आणि डिसेंबरात पेरावे, एवढेच. बी विषारी असल्यामुळे डबीवर ठळक चिठ्ठी चिकटवावी. आमच्या घरी फ्रिजमधली प्रत्येक डबी कोणीतरी उघडून पाहतेच.

आणि कळलावी. सातपुड्यात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल कंदापासून सहज येते, परंतु मला ती बियांपासूनच वाढवायची आहे. लाल साल काढून बी पेरले तरी ते कधी काही आठवड्यांत रुजते, तर कधी कित्येक महिने घेते. कंदाइतकेच बीही घातक विषारी असल्याने मी हातमोजे घालते आणि ती कुंडी नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी उंच कठड्यावर ठेवली आहे. अक्षय तृतीयेला आठ बिया पेरल्या होत्या; पोळ्यापर्यंत तीनच वर आल्या. काल दाभणाने माती हलकेच बाजूला सारून उरलेल्यांपैकी एक बी काढून दाबले. टणक होते. ते जागच्या जागी ठेवून वर माती लोटली आणि झारीने अर्धा पेला पाणी दिले.