धबधबा वरून बघणारी माणसं

इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याच्या कठड्याला टेकून माझा पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "छान आहे. पण धबधबा कसा, खालून बघायचा असतो."

झालं. पाहुणा एकदा असं काही बोलून गेला की आपल्या रोजच्या वस्तूकडे आपण त्याच्या डोळ्यांनी बघू लागतो. लहानपणापासून मी इथे येते आहे. कठडा नव्हता तेव्हापासून. तीनशे फुटांवरून पाणी खाली जातं, आपण वर उभं राहून ते गेलेलं बघतो, भुट्टा खातो आणि घरी येतो. यात काही उलटं आहे असं इंदुरात मला कुणी सांगितलं नव्हतं.

दादाचं म्हणणं मला कळत होतं. त्याचे धबधबे म्हणजे ताम्हिणीतले, माळशेजमधले. घाटातून गाडी चाललेली, मान वर करावी तर ढगातून पांढरी दोरी सुटल्यासारखं पाणी येतंय, एखादा तर थेट गाडीच्या टपावर. तिकडचा धबधबा माणसाकडे येतो. आमचा माणसाकडून जातो. त्यात त्याचं नावच पाताळपाणी, म्हणजे नजर कुठे ठेवायची ते नावातच सांगून ठेवलेलं. खालच्या डोहाचा तळ पाताळाला लागलाय असं लोक म्हणतात, म्हणून ते नाव. लहानपणी माझा त्यावर पक्का विश्वास होता आणि डोहात चप्पल पडली तर ती शेषनागाला मिळते असं मी धाकट्या भावाला सांगत असे. त्याची एक खरोखरच पडली. तो दिवस वेगळा.

सकाळी निघालो तेव्हा वातावरण बरं होतं. पोहे-जिलबी घराजवळच झाली. पोह्यांवर जिरावण, आमचा इंदुरी मसाला, भुरभुरलेलं बघून दादाने "हे काय, चाट मसाला?" असं विचारलं, त्यावर आई फक्त हसली. आई अशा प्रश्नांना उत्तर देत नाही, आणखी चिमूटभर घालते. मग आमच्या यांनी गाडी काढली. राऊ, महू, आणि महूच्या पुढे तो लहान रस्ता. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर. महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळी थांबायचं दादाने आधीच सांगून ठेवलं होतं, तिथे अर्धा तास गेला. बाहेर येताना तो बराच वेळ गप्प होता. मग पावसाची बारीक सर आली आणि मी म्हटलं, "बघ, पाऊस येऊन राहिला."

"येऊन राहिला म्हणजे? मुक्कामाला?"

पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण पुण्याहून आला की आमचं मराठी तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

महूच्या पुढे दोन्ही बाजूंना सोयाबीन. ऑगस्टात ते गुडघाभर होतं आणि सगळी काळी माती झाकून टाकतं. मध्येच मक्याचा एखादा पट्टा, बांधावर पळस, आणि जमीन अशी सपाट की पाटावर पाणी ओतलं तर कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येऊ नये. या सपाटीतच पाताळपाणीची सगळी गंमत आहे. डोंगर दिसत नाही, चढ लागत नाही. दादा दोनदा म्हणाला, "अगं, इथे धबधबा असेल कुठून?" आणि मग रेल्वेचं फाटक, चार टपऱ्या, माकडं, आणि एकदम पुढे जमीनच नाही. माळवा तिथे संपतो. खाली विंध्याचा उतार, त्याच्याखाली निमाड. ज्या चोरल नदीला शेतातून येताना आपण ओढा म्हणून सोडून दिलेलं असतं, ती त्या कडेवर येते आणि विचार न करता उडी टाकते.

कडेचा दगड काळा, थरावर थर. हा तुमच्या सह्याद्रीचाच दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट, दख्खनपासून माळव्यापर्यंत एकच चादर अंथरलेली. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो खुलला. "म्हणजे आपण लोक इथे आलो ते आपल्याच दगडावर की!" होळकरांच्या मागून आलेल्या आमच्या पूर्वजांनी वाटेत भूगर्भशास्त्राचा विचार केला असेल असं वाटत नाही, पण वाक्य बरं होतं, मी राहू दिलं.

कठड्याशी गेलो तर काही दिसेना. दरी दुधाने भरल्यासारखी. पावसाळ्यात वारा खालून, निमाडाकडून चढतो आणि ढग दरीत कोंबून ठेवतो. नुसता आवाज येत होता. माणसं मात्र परत जात नव्हती. सगळी त्या पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून उभी, सिनेमा सुरू व्हायच्या आधी बसतात तशी. शेजारी एक भिया बायकोला सांगत होता, "रुक जा, अभी खुलेगा." दहा मिनिटांनी खरंच उघडलं. आधी समोरच्या कड्याचं हिरवं टोक, मग मधली काळी भिंत, मग एका झटक्यात पूर्ण पाणी. चहाच्या रंगाचं, कारण वरची सगळी शेतं धुऊन येतं ते. उडी मारताना तपकिरी आणि अर्ध्यात पोचेपर्यंत पांढरं.

आणि तेव्हाच ती गोष्ट झाली जी मला दरवर्षी हवी असते. वाऱ्याचा एक झोत खालून आला, धबधब्याचे तुषार घेऊन, आणि आम्ही भिजलो ते खालून वर. हनुवटीखाली पाणी, नाकपुड्यांत पाणी, चष्म्याची काच आतल्या बाजूने धुरकटलेली. छत्री दादाच्या डोक्यावर होती, कोरडी ठणठणीत. शर्ट पोटापाशी ओला.

"हा कुठला पाऊस?" तो म्हणाला.

"खालचा," मी म्हटलं. "हा वर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही."

हरला नाही तो, पण पुढची दोन मिनिटं रुमालात गेली.

कठड्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. पूर्वी लोक थेट पाण्यात, प्रपाताच्या टोकापर्यंत जात. आम्हीही गेलो आहोत, खडकावर डबे उघडून बसलो आहोत. 2011 च्या जुलैत अशाच एका खडकावर एक कुटुंब उभं होतं आणि वरून अचानक लोंढा आला. ते दृश्य तेव्हा टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिलं. माणसं वाहून गेली, त्यातली काही परत आली नाहीत. सपाटीवरची नदी अशीच फसवते. आपल्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस चार-पाच मैल मागे पडलेला असतो, आणि पाणी पायांशी येईपर्यंत काहीही सांगत नाही. तेव्हापासून आई कठड्याजवळसुद्धा येत नाही. ती गाडीत बसते, काच अर्धी खाली करून, आणि आवाज ऐकते. "मला दिसतंय सगळं," म्हणते.

आईला दिसतं ते छोटी लाइनवरून दिसायचं तसं. माझं आजोळ खंडव्याचं. इंदूरहून मीटर गेजची गाडी निघायची, महू मागे पडलं की पाताळपाणी, आणि तिथून कालाकुंडपर्यंत घाट. चाळीस फुटांमागे एक फूट उतार, चार बोगदे. उतरायच्या आधी पाताळपाणीला गाडी थांबायची. रेल्वेच्या हिशोबी ते ब्रेक तपासायला. डब्यातल्या लोकांच्या हिशोबी टंट्या मामांना सलाम करायला. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या टंट्या भिल्लाला त्यांनी 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिलं आणि शव इथे आणून टाकलं असं सांगतात. रुळांजवळ त्याचं देऊळ आहे. बाबा हात जोडायचे आणि मग दर वेळी, अगदी दर वेळी, सांगायचे की ही लाइन तुकोजीराव होळकरांच्या पैशाची. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, एकशे एक वर्षांसाठी. "संस्थानिकाने सरकारला कर्ज दिलं, लक्षात ठेव," असं म्हणताना बाबांची मुद्रा अशी असे की त्या कोटीत आमचेही पाच-पंचवीस रुपये असावेत.

गाडी वळली की धबधबा समोर यायचा. वरून नाही, खालूनही नाही. दरीच्या पलीकडून, नीट डोळ्यांच्या रेषेत. ज्यांना माहीत असे ते आधीपासून त्या बाजूच्या खिडक्या धरून बसत, बाकीचे ऐन वेळी त्यांच्या मांडीवर येत. मग बोगदा, पोरांच्या किंकाळ्या, आणि कालाकुंड. तिथे पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा. पान अजून ओलं, कलाकंद कोमट आणि रवाळ, आणि शेवटचा घास खाताना पानाची जी किंचित तुरट चव जिभेला लागते ती पुढे कुठल्याच मिठाईच्या दुकानात मला सापडली नाही. परतीला तिथे गाडीच्या मागे दुसरं इंजिन लागायचं, ढकलायला. उतरताना हसतखेळत, चढताना दोघांनी मिळून.

ती लाइन 2023 च्या सुरुवातीला बंद झाली, मोठ्या लाइनच्या कामासाठी. मधला पाताळपाणी ते कालाकुंडचा दहाएक किलोमीटरचा तुकडा हौशी लोकांसाठी ठेवला आहे. 2018 च्या डिसेंबरात तिथे हेरिटेज ट्रेन सुरू झाली, मोठ्या काचांच्या डब्यांची. मी एकदा बसले. छान आहे. पण त्या गाडीत कुणी खंडव्याला चाललेलं नसतं, ट्रंका नसतात, लोणच्याची बरणी नसते, सगळे धबधबाच बघायला आलेले. आमच्या वेळी तो वाटेत भेटायचा.

दादाने भजी मागितली. भजी नव्हती. भुट्टा होता, निखाऱ्यावर भाजलेला, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून घासलेला. तो खाता खाता त्याचं पुन्हा सुरू झालं, की पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय धबधब्याची ताकद कळत नाही. तेव्हा मात्र मी गाठलं त्याला.

"तू पायथ्याशी राहतोस का?"

"म्हणजे?"

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. इंदूरही तेवढंच. घाटमाथ्यावरचे आपण दोघेही. खालून बघायचा हक्क कोकणातल्या माणसाचा, पुण्याच्या माणसाने तो परस्पर घेऊ नये. दादा भुट्टा खायचा थांबला. "आणि," मी म्हटलं, "तुमच्या मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेला, म्हणजे बंगालच्या उपसागराला. आमच्या इंदूरवर पडतो तो पाऊस खान नदीतून क्षिप्रेला, चंबळेला, यमुनेला, गंगेला. तोही बंगालच्याच उपसागराला. आणि हे जे समोर पडतंय ना, हे नर्मदेला जाऊन अरबी समुद्राला मिळणार. इंदूरपासून तासाभरावर पाण्याची वाट बदलते."

पाण्याच्या वाटण्या कुठे होतात ते इथे पाटी लावून कुणी सांगत नाही. कुठल्याशा शेताच्या बांधावर पडलेले दोन थेंब, एक उत्तरेकडे कलंडतो आणि दुसरा दक्षिणेकडे. शेतकऱ्याला माहीतही नसेल की त्याच्या सोयाबीनच्या एका सरीचं पाणी प्रयागला जातं आणि दुसरीचं भडोचला.

दादाने विचार केला. हुशार आहे तो, फक्त सवयीने वाद घालतो. म्हणाला, "मग इंदूर पितं काय? सगळं तर दोन्हीकडून उतरून जातंय."

त्याचं उत्तर मी तिथे दिलं नाही. पाऊस वाढला होता आणि आई हॉर्न वाजवत होती.

रात्री तो बैठकीत झोपला. पहाटे साडेपाचला गल्लीत पहिली मोटर घरघरली, मग दुसरी, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं उठा, नर्मदा आली!"

दादा दचकून उठून बसला. कालचा लोंढ्याचा विषय त्याच्या डोक्यात असावा. "कुठे आली?"

"नळाला, बाळा," आई म्हणाली. "एक दिवसाआड येते. ती निळी बादली घे बरं तिकडची."

हंड्यात पाणी पडत होतं आणि मी त्याला सांगत होते. सत्तर किलोमीटरवर जलूदला नर्मदेचं पाणी उचलतात, विंध्याची चढण चढवत, चारशे मीटरहून जास्त उंच आणतात. त्यासाठी 1970 मध्ये सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं आणि 1978 मध्ये पहिल्यांदा पाणी आलं. आईने बोअरिंगचं आणि नर्मदेचं पाणी अजून एका भांड्यात भरलेलं नाही. डाळ शिजते ती नर्मदेच्याच पाण्यात.

दादा बादलीकडे बघत उभा. "म्हणजे काल तिथे जे पडत होतं..."

"त्यातलंही थोडं नर्मदेत जातं. बडवाहच्या बाजूला मिळते चोरल." बडवाह जलूदच्या वर की खाली, याचा हिशोब मात्र मी त्याला लावू दिला नाही, तो वरच निघतो, पण एकदा सुरू झाला असता तर नकाशा काढून बसला असता.

"आणि अंघोळ करून जे सोडाल ते खान नदीला?"

"हो. गंगेला."

तो हसायला लागला. तेवढ्यात बादली भरून वाहू लागली, आणि तो पाणी थांबवायचं सोडून मोरीपर्यंत ते कसं कलंडत जातं ते बघत राहिला. वरून.

"अरे बंद कर नळ!" आई म्हणाली. "वाया चाललंय."