प्लगचा गॅप आणि हॅक्सॉ ब्लेड

आपल्याकडे बऱ्याच गॅरेजमध्ये स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे मधला इलेक्ट्रोड आणि वरची पट्टी यांच्यातली ठिणगी पडायची फट, मोजायचं हत्यार म्हणजे हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा. प्लग काढला, पॉलिश पेपर मारला, ब्लेड घालून बघितलं, ठकठक केलं आणि लावला परत. आता ही सवय उगाच नाही पडलेली, ब्लेडची जाडी साधारण ०.६५ मिमी असते आणि स्कूटर, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या यांचा गॅप त्याच्याच आसपास असायचा, म्हणजे काम भागायचं. पण आजच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीला कंपनीने १ मिमीच्या पुढेमागे गॅप दिलेला असतो, तिथे ब्लेड लावून दाबून ठेवला की ठिणगी पडते पण बारकी पडते, मग आयडलिंगला गाडी थरथरते आणि सगळे इंजेक्टर क्लीनिंगच्या मागे लागतात.

उलटा प्रकार मामाच्या सीएनजी वॅगनआरचा. गावात मस्त चालायची, खंबाटकी घाट चढायला लागली की मिसिंग, म्हणजे मधेच ठिणगी चुकून इंजिन झटके द्यायचं. याचं कारण सोपं आहे, चढाला पाय दाबला की इंजिनच्या सिलिंडरमध्ये प्रेशर वाढतं आणि तेवढ्याच गॅपमधून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, त्यात सीएनजीला पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त लागतं. मी प्लग काढले तर मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा पार गोल झालेल्या आणि वरच्या पट्टीला खालून खळगा, म्हणजे झिजून गॅप वाढलेला. असा खळगा पडला ना की चपटा फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) पण फसवतो, कारण पान खळग्याच्या कडांना टेकतं आणि आत मोकळी जागा राहते ती दिसतच नाही. अशा प्लगला तारेचा गेज लागतो, पण खरं सांगू का, एवढा झिजलेला प्लग घासत बसण्यापेक्षा नवीन टाका. मामाला तेच सांगितलं, "अरे पण अजून पेटतोय की" म्हणाला, मग शेवटी आणले.

नवीन प्लगचा गॅप सेट होऊन येतो म्हणतात, तरी मोजा, खोका पडलेला असला तर पट्टी दबलेली असते. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी डॅश देऊन ९ असेल तर ०.९ मिमी आणि ११ असेल तर १.१. पण शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर मॅन्युअलमधलाच आकडा, बाहेरून किट बसवलं असेल तर किटवाल्याला विचारा, तो सहसा पेट्रोलपेक्षा थोडा कमी सांगतो.

गेजचं पान आत सरकवताना हलकंसं अडलं पाहिजे, सुळकन गेलं तर गॅप जास्त आहे. कमी करायचा तर प्लग उलटा धरून पट्टी लाकडावर हळूच टेकवायची, वाढवायचा तर फक्त बाहेरची पट्टी उचलायची. स्क्रू ड्रायव्हर मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवून पट्टी उचकटणारे महाभाग आहेत, त्याने आतलं पांढरं सिरॅमिक तडकतं आणि वरून काही दिसत पण नाही. इरिडियमचे प्लग असतील तर ना वायर ब्रश ना ठोकाठोक, त्याचं टोक सुईसारखं बारीक असतं, फक्त तपासा आणि गॅप चुकीचा निघाला तर दुकानात बदलून घ्या.

आणि हो, प्लग गार इंजिनवरच काढा, हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे जातात. आधी हवा मारून खड्ड्यातली धूळ उडवा नाहीतर ती सगळी सिलिंडरमध्ये. लावताना आधी हाताने फिरवत पूर्ण बसवायचा आणि वॉशरवाला नवीन प्लग असेल तर मग पान्याने साधारण अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर त्याहून खूप कमी. एवढं करून पण घाटात मिसिंग आलंच तर मग कॉइल आणि प्लगवायरकडे बघा, सारखा सारखा गॅप हलवत बसू नका.