तुम्ही विचारलंत म्हणून: कंत्राटी कामगाराला पीएफ सक्तीचा आहे का?

‘मी कंपनीचा नाही, ठेकेदाराचा माणूस. मग मला पीएफ लागू होतो का? आणि नको म्हटलं तर चालतं का?’

लागू होतो. आणि नको म्हणायची सोय बहुतेकांना नाही.

भविष्य निर्वाह निधी कायद्याने १९५२ पासून कर्मचाऱ्याची व्याख्याच अशी केली आहे की ठेकेदारामार्फत आस्थापनेच्या कामावर लावलेला माणूसही तिच्यात येतो. आस्थापनेत २० किंवा जास्त माणसं आहेत का, हे मोजतानाही कंत्राटी माणसं धरावी लागतात. रोजंदारीवर असा किंवा नगावर पैसे मिळोत, फरक पडत नाही. ‘तीन महिने भरल्यावर पीएफ सुरू करू’ हेही खोटं आहे, सभासदत्व कामाच्या पहिल्या दिवसापासून असतं. २०२० मध्ये पवनहंस या हेलिकॉप्टर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना पीएफचा हक्क दिला.

सूट एकच महत्त्वाची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांच्या वर असेल आणि तुम्ही आधी कधीच सभासद नसाल, तर नाही म्हणता येतं. पूर्वीचं खातं चालू असेल तर १५,००० पर्यंतच्या पगारावर कपात होणारच. ‘मला पीएफ नको’ असं स्टँप पेपरवर लिहून घेणारे ठेकेदार आहेत. त्या कागदाला काडीची किंमत नाही, सही करू नका. शिकाऊ उमेदवार कायद्याखालचे उमेदवार आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणून फी घेणारे सल्लागार मात्र या योजनेत येत नाहीत.

आता पैशाचं बघा, कारण फसवणूक इथेच होते. १४,००० रुपये पगारावर तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० कापले जातात. मालकाचेही तेवढेच, पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये पेन्शन खात्यात जातात आणि ५१४ तुमच्या पीएफमध्ये. पासबुकात एका महिन्यासमोर हे तिन्ही आकडे दिसले पाहिजेत: १,६८०, ५१४, १,१६६. (बिडी, विटभट्टी, ताग अशा मोजक्या उद्योगांत दर १० टक्के आहे.) मालकाचा हिस्सा तुमच्या मजुरीतून कापणं बेकायदा आहे. पगारचिठ्ठीत १,६८० ऐवजी ३,३६० कपात दिसली, तर तुमच्याच खिशातून दोन्ही हिस्से चालले आहेत. दुसरी युक्ती म्हणजे मूळ पगार मुद्दाम छोटा दाखवून बाकीचं ‘भत्ता’ म्हणून देणं. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफच्या हिशोबात धरावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

ठेकेदाराने भरलंच नाही तर? जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्या कंपनीचं काम तुम्ही करता तिच्यावर येते. तिने दोन्ही हिस्से भरायचे आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचे. म्हणून शहाणी कंपनी बिल मंजूर करण्याआधी त्या महिन्याचं पीएफ भरल्याचं चलन आणि कामगारांची नावनिशीवार यादी मागते.

पुढची चूक कामगारांकडूनच होते आणि ती फार महागात पडते. अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार नवा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) काढतो, जुन्या खात्यातले पैसे काढून टाकले जातात. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. पेन्शनची रक्कमही दर वेळी काढली, तर मोजणी पुन्हा शून्यावर येते. नव्या ठिकाणी फॉर्म ११ (कामावर रुजू होताना द्यायची पीएफची माहिती) भरताना जुनाच यूएएन द्या आणि आधीच्या ठेकेदाराने काम सोडल्याची तारीख टाकली आहे का ते बघा, नाहीतर खातं हस्तांतरित करताना अडतं. आधारवरचं नाव आणि जन्मतारीखही अक्षरशः जुळली पाहिजे.

मागच्या महिन्याचं चलन चालू महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. महिनाअखेरीस उमंग ॲपवर पासबुक उघडा. चिठ्ठीत कपात आहे, पासबुकात नोंद नाही, असं सलग दोन महिने झालं तर थांबू नका. कापलेले पैसे न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर पगारचिठ्ठ्या, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी आणि गेटपासची प्रत जोडा. तक्रारीत ठेकेदारासोबत मूळ कंपनीचंही नाव घाला. गेटपास जपून ठेवा. तुम्ही नेमकं कुणाच्या आवारात राबत होता, हे बहुतेक वेळा तेवढ्या एका कागदावरूनच सिद्ध होतं.