शेवट माहीत असलेला खेळ

सध्या आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये शनिवारी रात्री १९८२ साल असतं. लालबागची एक चाळ, गिरण्यांचे भोंगे बंद, वाण्याच्या वहीत प्रत्येकाची उधारी चढत चाललेली. हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र होऊन, बोलत आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. मी गेम मास्टर, म्हणजे चाळ, गिरणी, वाणी, युनियनवाले, पाऊस हे सगळं माझ्याकडे. बाकी तिघं एकेक माणूस होऊन त्यात राहतात. ताटलीत शेव-कुरमुरे आणि दोन फासे, एवढाच सरंजाम.

परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, "अरे, पण ड्रॅगन कुठे गेले?" ड्रॅगनशी माझं काही वाकडं नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा ड्रॅगन-तलवारींचा रोल-प्लेइंग गेम काढला तो टेबलावर सैन्यं मांडून लढायच्या खेळांतून, आणि ते मूळ आजही त्याच्या नियमांत दिसतं. ज्या गोष्टीचे नियम जास्त, ती टेबलावर जास्त घडते. खेळाडूच्या हातात तलवार आणि तिचे आकडे दिले की तो ती उपसणारच, त्याला दोष कसा देणार? मला मात्र माणसं एकमेकांना काय बोलतात, काय लपवतात ते ऐकायचं असतं. म्हणून मी व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मधली फाशांची पद्धत उचलली. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, त्यात पात्राच्या त्या कामातल्या कुवतीचा आकडा मिळवायचा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सहा किंवा कमी आले तर पुढे काय होतं ते मी सांगणार, आणि मी दयामाया करत नाही. सात ते नऊ आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. खरी मजा या सात ते नऊमध्ये आहे.

संपच का निवडला, तर त्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते करी रोडला गाडीच्या दारात उभं राहिलं तरी दिसतं. त्यामुळे आमच्या टेबलावर 'संप जिंकणार का' असं कोणी विचारत नाही. बरेच गेम मास्टर आपण रचलेला शेवट जपण्यात रात्री घालवतात. खेळाडू वाट सोडून गेले की त्यांना गोडीगुलाबीने परत वळवायचं, नाहीच वळले तर वाटेत पूल पाडायचा. मला शेवट जपायचाच नाही. जनू यातून कसा निघतो आणि निघताना कुणाचा हात सोडतो, एवढंच बघायचं असतं, आणि ते मलाही माहीत नसतं.

जनू म्हणजे जनार्दन, साचेखात्यातला विणकर, गाव देवगडकडचं. त्याला खेळवतो तो मित्र बँकेत अधिकारी आहे, एरवी चार वाक्यं सलग बोलणार नाही. वसंत हवालदार त्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे चाळीत त्याच्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज जरा खाली येतो. आणि इंदू, महिन्याच्या बोलीवर कामगारांना जेवू घालणारी खानावळवाली. इंदूला खेळवणाऱ्या मैत्रिणीच्या आजोबांची नोकरी खरोखरच त्या संपात गेली. म्हणून सुरुवातीला फासे न काढता एक अख्खी संध्याकाळ नुसती बोलण्यात घालवली. तिने सांगितलं, आत्महत्या दाखवायची नाही, उल्लेखसुद्धा नको. मारहाण झाली तर ती पडद्याआड. मान्य. असं आधी ठरवल्याने खेळ मिळमिळीत होतो म्हणणारे भेटतात. माझ्या टेबलावर तरी उलट होतं. कुंपण कुठे आहे ते कळलं की लोक त्याच्या अगदी कडेपर्यंत बिनधास्त जातात.

त्या संध्याकाळी प्रत्येकाकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या: तुझ्या माणसाला काय हवंय, आणि काय झालेलं त्याला चालणार नाही. जनूने लिहिलं, "मे महिन्यात बहिणीचं लग्न." खाली लिहिलं, "संप फोडला असं कुणी म्हणता कामा नये." हा कागद हातात आला तेव्हाच माझी निम्मी तयारी झाली.

उरलेली निम्मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर मावते. एका पुठ्ठ्यावर एक माणूस: नाव, त्याला काय हवंय, आणि त्यासाठी तो आज कुणाच्या दारात जाऊन उभा राहील. गोष्ट लिहीत नाही. बाबूराव जॉबरचा, म्हणजे गिरणीत कामगार भरणाऱ्या मुकादमाचा, पुठ्ठा असा: 'मालकाला दहा माणसं आणून द्यायचीत. जनूकडे जाईल. लग्नाचं माहीत आहे.' नकली आवाज, मिशीवर ताव वगैरे मी करत नाही. बाबूराव दारात चपला काढत एवढंच म्हणाले, "जनू, हॉल बुक केलास का रे?"

मग जनू निघाला. रात्री, पिकेटिंगवाल्यांची नजर चुकवून, मागच्या गेटाने. काम करायला नाही, नुसतं बोलून यायला, असं तो तीनदा म्हणाला. फाशांवर पाच आणि दोन, वर त्याचा एक. आठ.

मी म्हटलं, "पोचलास आत. पण कुणीतरी पाहिलंय. कोणी पाहिलं ते तूच सांग."

असे प्रश्न खेळाडूकडे टोलवायची मला सवय आहे. मी ठरवलं असतं तर युनियनचा एखादा दांडगा कार्यकर्ता उभा केला असता, दोन शिव्या, एक धक्काबुक्की, संपलं. आमच्या बँकवाल्याने कुरमुऱ्यांची ताटली बाजूला सारली आणि म्हणाला, "इंदूने."

इंदूवाली मैत्रीण त्याच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवसाचं जेवण आम्ही लगेच खेळलो. पंगतीत दहा-बारा माणसं, सगळी उधारीवर. ती वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जनूभाऊ, तुमची उधारी आजच्या आज मिटवा. तुमच्याकडे येणारेत ना आता पैसे?"

फाशांना कोणी हात लावला नाही. मीसुद्धा तोंड बंद ठेवलं, आणि या कामातलं हे सगळ्यात अवघड कौशल्य आहे असं माझं मत आहे. तिथे पंगतीतल्या कुणाच्या तोंडी एखादा चुरचुरीत डायलॉग घालायचा मोह फार होतो. पण ते दोघं नंतर पंधरा-वीस मिनिटं माझ्याशिवाय बोलत होते आणि मला एकदाही लुडबूड करावी लागली नाही.

पैशाचा ताण मात्र नुसत्या बोलण्यावर सोडून चालत नाही, तो डोळ्यांसमोर लागतो. जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये त्यासाठी घड्याळं आहेत: कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, संकट जवळ आलं की एक भाग रंगवायचा. आमच्याकडे 'वाणी इंदूचं धान्य बंद करणार' असं आठ भागांचं वर्तुळ टेबलाच्या मधोमध होतं. सहा भाग भरले तेव्हा मैत्रिणीने विचारलं, इंदूला बँकेचं कर्ज मिळेल का? मिळेल की! प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते सावकाराच्या विळख्यातून सुटण्यासाठीच, बँकेची कर्जं मिळवून. अर्थात, मंडळाच्या बाईंना इंदूला आधी सांगावं लागलं की वाण्याकडे किती थकलंय, आणि कुणाकुणामुळे. जनूचं नाव तिने घेतलं की नाही, ते टेबलावरच्या आम्हा चौघांत राहू दे.

आता खेळ ऑगस्टपर्यंत आलाय. त्या महिन्यात मुंबईत पोलिसांनीच बंड केलं आणि लष्कर बोलवावं लागलं. म्हणजे इतके दिवस संपवाल्यांवर नजर ठेवणारा आमचा वसंत हवालदार आता स्वतःच त्या बाजूला. पाठोपाठ गणपती, आणि त्याच्या बायकोला गावी जायचंय. तिचा पुठ्ठा आजच लिहिला: 'एसटीची दोन तिकिटं काढून आणलीत. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.' शनिवारी दार वाजवून आधी ती येणार, बंडाची बातमी नंतर.