वॉन्टन आणि एकोणीस

'वॉन्टन' हे इंग्रजी विशेषण समोर आलं की आम्हा भाषांतरवाल्यांपैकी बरेच जण 'कामुक' नाहीतर 'स्वैर' लिहून मोकळे होतात. बघताक्षणी वाटतंही तसंच. शब्दात 'वॉन्ट' दिसतो, म्हणजे वासनेची भानगड असणार. पण खुद्द 'वॉन्ट'चाही मूळ अर्थ 'हवं असणं' नव्हे, 'कमी असणं' हा आहे.

फोड करायची ती 'वॉन' अधिक 'टन' अशी. 'वॉन' हा जुन्या इंग्रजीतला उणेपणाचा उपसर्ग. इंग्रजीत तो जवळजवळ मेला, डचमध्ये मात्र धडधाकट आहे: आशा म्हणजे 'होप' आणि निराशा म्हणजे 'वानहोप'. आपला 'ऊन'सुद्धा याच कुळातला. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस, त्यातला 'ऊन'. (हे कळलं तेव्हा मी उगाचच एकोणतीस, एकोणचाळीस करत बसले होते.)

दुसरा तुकडा जुन्या इंग्रजीतल्याच 'तेओन' या क्रियापदाचा. अर्थ ओढणं, आणि त्यावरून वाढवणं, शिस्त लावणं. एकूण काय, तर वळण न लागलेला. जर्मनमध्ये वात्रट पोराला आजही 'उनगेत्सोगन' म्हणतात, त्याची घडण थेट अशीच आहे. १३००च्या सुमारास इंग्रजीत आलेला हा शब्द बेशिस्तीचा होता आणि त्यात निम्मा दोष तरी वळण लावणाऱ्यांचा होता. ते शतक सरेपर्यंत तो कामवासनेला चिकटला आणि पुढे बायकांवर जास्त फेकला गेला. नवल नाही.

जुना अर्थ बघायचा तर शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकाचा चौथा अंक काढावा. डोळे फोडलेला ग्लॉस्टर म्हणतो, 'वॉन्टन' पोरांना जशा माश्या, तसे देवांना आपण. खेळ म्हणून मारतात ते आपल्याला. इथे 'क्रूर पोरं' लिहिलं की ओळ गेलीच. क्रूर माणूस दावा धरतो, म्हणजे त्याच्या लेखी आपण निदान असतो तरी. उनाड पोराच्या मनात माशीबद्दल काहीच नसतं. चिमटीत धरतो, एक पंख उपटतो, ती गोल गोल फिरते का बघतो, आणि कंटाळला की दुसरी पकडतो. म्हाताऱ्याचं देवांबद्दलचं म्हणणं हेच आहे. मी तिथे 'उनाड'च लिहीन, कुणी कितीही नाकं मुरडोत.

मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये ईव्हच्या केसांच्या बटाही 'वॉन्टन' आहेत. उनाड बटा! तिथेही खपतं. कायद्याच्या मजकुरात मात्र नाही. परिणामांची फिकीर न करता केलेलं कृत्य असा तिथे रोख असतो, आणि 'उनाड कृत्य' लिहिलं तर वकील हसतील. तिथे मी निमूटपणे 'बेदरकार' लिहिते.